टेर

तासगाव रस्त्याला, करंजओढ्याच्या माळावर
आमचा वजनकाटा आहे. साठ टनी.
मी आत खिडकीशी बसते.
प्रिंटर करकरतो, पावती फाडते, पन्नास रुपये घेते.
भरल्या गाडीतून रिकामी गाडी गेली
की उरतो तो माल.
पाच वर्षांत मला एवढंच आलं: वजाबाकी.

काट्याला नाक नाही.
सकाळी त्याच लोखंडावर शहराचा कचरा उभा राहतो,
ठिबकत,
आणि दुपारी बेदाण्याचा टेंपो,
पंधरा-पंधरा किलोच्या पेट्या ताडपत्रीखाली.
मधल्या वेळात मी पाणी मारते.
जातं तेवढं जातं.

आता डेपोला आणखी अकरा एकर पाहिजेत.
नकाशात ते हिरवे रंगवलेत,
कारण पुढं कधीतरी तिथं झाडं लावणार आहेत.
सुनावणीला शाळेचा व्हरांडा भरला.
साहेब म्हणाले, विकास. चाळीस हातांना काम.
मागून कुणीतरी विचारलं,
चाळीस हात म्हणजे माणसं वीस का?
हसू झालं.
साहेबांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

भूपालकाकांच्या शेडवर नऊ बायका बेदाणा निवडतात.
मार्चात अडत्याचा माणूस आला होता.
मूठभर उचलला, तळहातावर पसरला, नाकाशी नेला.
बोलला काही नाही.
नळाखाली हात धुतले, रुमालाला पुसले
आणि गाडीत बसला.
सौद्यात त्या ताटलीला किलोमागं बारा रुपये कमी पडले.
हे बारा रुपये कुठल्या अहवालात नाहीत.
शीतगृहात पैसे घालणारा विट्याचा भागीदार
फोन उचलेनासा झाला, तेही नाही.

सगळ्यांचं सांगते, तर माझंही सांगते.
महिन्याला सहाशे पावत्या कचऱ्याच्या,
बाकी सगळ्यांच्या मिळून नव्वद.
अकरा एकर आले की सहाशेच्या हजार होतील.
धाकट्याचं डिप्लोम्याचं वर्ष त्यातच बसतं.
मग सुनावणीत मी कुठल्या बाजूला बसले?
पाण्याच्या पिंपाशेजारी.
उभीच.

हौसाबाई ऐवळे डेपोवर वेचते.
ती म्हणाली, वाढला की तारंचं कुंपण येणार, मशिन येणार.
मशिनला पत्रा, बाटली समदं कळतंय म्हणत्यात.
मग आमी कुटं जायाचं? बेदाण्यावर?
ह्या हाताला कोण लावू दील गं बेदाणा?
रोज संध्याकाळी ती पोतं काट्यावर ठेवते:
बघ की, किती भरलं.
मी म्हणते, मावशी,
हा काटा वीस किलोच्या खाली तोंड उघडत नाही.
तरी ठेवते.
पडद्यावर शून्य येतं.
दोघी हसतो.
तिचं हसणं आधी थांबतं.

परवा जुन्या पावत्या काढून बसले होते.
एकोणीस नंबरची गाडी तीन वर्षांमागं
रिकामी भरायची पाच हजार दोनशे.
आता भरते पाच हजार तीनशे चाळीस.
टपावर काही नाही, टाकी तेवढीच, ड्रायव्हर तोच,
तोही बारीकच झालाय.
म्हणजे रिकामी म्हणून जी परत जाते
तिच्या अंगाला एकशे चाळीस किलो चिकटून बसलाय,
खरवडून न निघणारा.
त्याची पावती कुणी फाडलेली नाही.

हरकतीच्या अर्जात तीन रकाने आहेत:
नाव, गट नंबर, हरकत.
नाव लिहिलं.
गट नंबर लिहिला.
तिसऱ्या रकान्यात आधी बारा लिहिलं,
मग एकशे चाळीस,
मग वीसच्या खालचं शून्य.
एकाही आकड्यापुढं काय लिहायचं ते सुचेना.
बाहेर बेदाण्याचा टेंपो हॉर्न देत होता
आणि काटा अजून ओला होता.